व्हेराला कोणी मोजत नाही

नाशिक, रविवार, रात्री उशिरा

‘सायलेंट व्हॉइसेस’ आज संपवलं. इंग्रज लेखिका अ‍ॅन क्लीव्हजच्या रहस्यकथांच्या, पोलीस अधिकारी व्हेरा स्टॅनहोपच्या मालिकेतलं चौथं पुस्तक, २०११ सालचं. डॉक्टरांनी दटावलं म्हणून व्हेरा हेल्थ क्लबात पोहायला जायला लागते, आणि तिथल्या वाफेच्या खोलीत मरून पडलेली बाई तिलाच सापडते. खुनी कोण, यात मला फारसा रस नव्हता. मी व्हेरासाठीच वाचते.

पन्नाशीची बाई. अंगानं जाड, त्वचेवर इसब, कपडे ढगळ, गाडी जुनी लँड रोव्हर. लग्न नाही, मूलबाळ नाही. इंग्लंडच्या उत्तरेला, नॉर्थम्बरलँडच्या डोंगरात, मेलेल्या बापाच्या घरात एकटी राहते. बाप हेक्टर पक्ष्यांची अंडी चोरायचा. रानपक्ष्यांची अंडी उचलणं तिकडे १९५४च्या कायद्यापासून गुन्हा, तरी ह्याचा नाद सुटला नाही. आपल्याकडेही १९७२च्या वन्यजीव कायद्यानं ते गुन्हाच आहे. नांदूर मध्यमेश्वरला थंडीत दुर्बीण घेऊन पक्षी बघणारी माणसं पाहिली की हेक्टर आठवतो आणि चीड येते. अशा बापाची मुलगी पोलिसात गेली. का गेली, हे लेखिका कुठेही एका वाक्यात सांगून मोकळी होत नाही, आणि ते मला फार आवडतं.

पहिल्या ‘द क्रो ट्रॅप’मध्ये (१९९९) तर व्हेरा बराच वेळ येतच नाही. दगडखाणीच्या प्रस्तावासाठी पर्यावरणाची पाहणी करायला आलेल्या तीन बायकांची गोष्ट चालू असते. मग एका अंत्यविधीला एक गबाळी, थोराड बाई उशिरा आत शिरते. बघणाऱ्यांना ती रस्त्यावर राहणारी कोणी वाटते, वाचताना मलाही तसंच वाटलं. पुढे कळतं, ही डिटेक्टिव्ह इन्स्पेक्टर आहे. पुढच्या सगळ्या पुस्तकांचं मर्म मला त्या प्रवेशात दिसतं. व्हेराला कोणी मोजत नाही, म्हणून तिच्यासमोर सगळे बोलतात. ती लोकांच्या स्वयंपाकघरात बसते, चहा पिते, समोर ठेवलेलं सगळं खाते आणि ऐकत राहते. क्लीव्हज स्वतः एके काळी प्रोबेशन ऑफिसर, म्हणजे गुन्हेगारांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकारी होत्या. गुन्हा केलेली माणसं घरात कशी बसतात, काय बोलायचं टाळतात, हे त्यांना त्या कामातून कळलं असणार.

माझी आत्या सुरगाणा आणि दिंडोरी भागात आरोग्य सेविका होती. तिनंही लग्न केलं नाही. पाड्यावर गेली की ती आधी चुलीपाशी टेकायची. लसीकरणाचं रजिस्टर नंतर निघायचं. कुठल्या सुनेला पोटभर मिळत नाही, कुठल्या पोरीचं वय वाढवून सांगतायत, तिला बरोब्बर कळायचं. घरातले पुरुष तिच्यादेखत वाट्टेल ते बोलायचे. बाईमाणूस, त्यातून एकटी, तिच्यासमोर कशाला जपून बोलायचं! सणासुदीला मात्र आमच्याच घरात तिच्याबद्दल ‘बिचारी’ असं हळू आवाजात बोललं जायचं. व्हेरा वाचताना मला तिची हुशारी नव्यानं दिसली. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. ही पुस्तकं तिच्या हातात द्यायला हवी होती असं राहून राहून वाटतं.

आपल्या रहस्यकथांचे नायक, बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड, देखणे, धाडसी पुरुष. लहानपणी मीही ते अधाशासारखे वाचले. तिथे अशा बाईला जागाच नव्हती.

व्हेरा गुणांची पुतळी नाही. सार्जंट जो अ‍ॅशवर्थला बायकापोरांतून उठवून कामाला जुंपते, कधी कधी मुद्दाम. ते वाचताना मला जोच्या बायकोची बाजू पटते. पण क्लीव्हज व्हेराला सुधारायला जात नाहीत. कुणी प्रियकर येऊन तिचं एकटेपण संपवत नाही, पोहायला गेली म्हणून ती बारीक होऊन सुंदर दिसायला लागत नाही. २०११ ते २०२५ अभिनेत्री ब्रेंडा ब्लेथिननं टीव्हीच्या पडद्यावरही तिला तशीच राहू दिली.

भाचीचं सध्या त्र्यंबक रोडच्या पोलीस अकादमीत प्रशिक्षण चालू आहे. जो तो तिला सांगतो, आवाज चढव, कडक दिस, नाहीतर लोक जुमानणार नाहीत. मी तिला व्हेराचं ‘हिडन डेप्थ्स’ देणार आहे. ‘द क्रो ट्रॅप’ नंतर. परेडवरून दमून आलेल्या मुलीला त्यात व्हेराची इतकी वाट बघायला लावणं बरं नाही. ‘हिडन डेप्थ्स’मध्ये न्हाणीघरातल्या टबात, पाण्यावर फुलं पसरलेली आणि त्यात मुलाचं प्रेत, तिथून गोष्ट सुरू होते आणि व्हेरा लगेच कामाला लागते. व्हेरा त्या मुलाच्या आईशी कशी बोलते, तेवढं तिनं सावकाश वाचावं, असं पहिल्या पानावर लिहून देईन.