दीड दिवसाचे पाहुणे

चवथीच्या आदल्या संध्याकाळी मी नेवऱ्यांसाठी आदोळीवर, म्हणजे खोवणीच्या विळीवर, बसून चौथा नारळ खोवत होते. बाहेर माटोळी, म्हणजे गणपतीवरचं फळाफुलांचं छत, बांधणं चाललं होतं. कांगलांची फळं पुढे की सुपारीचा घोस पुढे, यावरून भाऊ आणि पुतण्या हमरीतुमरीवर आले होते. निवाडा करायला मी मान वळवली आणि खोबऱ्याऐवजी उजवा अंगठा दातऱ्यांवरून गेला. आईने आधी खोबऱ्यात रक्त पडलं नाही ना ते पाहिलं, मग म्हणाली, "हळद लाव गो."

रात्री अंगठा लाल, गरम, टम्म सुजलेला आणि ठसठसणारा. सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने सुमारे २,००० वर्षांपूर्वी दाहाची नेमकी हीच चार लक्षणं लिहून ठेवली होती. मला मात्र ठसठसलं की वाटायचं, आत काहीतरी नासतंय. पुढे वाचत गेले तेव्हा कळलं, आत बोलावणी चालली होती. कातडीच्या वरच्या थरातल्या पेशी इंटरल्यूकिन-१ नावाचा रेणू पोटात बाळगूनच असतात. पेशी फाटली की तो बाहेर सांडतो. त्याने सावध झालेल्या शेजारणी इंटरल्यूकिन-८ सोडतात, रक्तवाहिन्या सैलावतात, आणि त्या मागावर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी काही तासांतच येऊन जंतूंचा फडशा पाडू लागतात. लाली, ऊब, सूज ही सगळी त्यांना वाट करून देण्याची खटपट.

आमचा गणपती दीड दिवसाचा. न्यूट्रोफिलांचा जोरही साधारण तेवढाच.

मागून येणाऱ्या मॅक्रोफेज पेशी मेलेल्या न्यूट्रोफिलांना गिळून टाकतात. गिळता गिळता त्यांचा स्वभावच पालटतो, हे मला सगळ्यात आवडलं. काल आरडाओरडा करणाऱ्या त्याच पेशी आज डागडुजीचे निरोप धाडतात: इथे नवी रक्तवाहिनी काढा, तिथे कोलॅजनचे धागे विणा. पेशी अशा धावून येतात हे मेच्निकॉव्ह या रशियन जीवशास्त्रज्ञाने १८८२ साली इटलीतल्या मेसिना गावी पाहिलं. तारामाशाच्या पारदर्शक अळीत त्याने गुलाबाचा काटा खुपसला. सकाळी काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला. १९०८ च्या नोबेलमध्ये तो वाटेकरी झाला. काटा खुपसला तेव्हा त्याच्याही घरी सणाचेच दिवस होते, नाताळचे.

हाक मारणं सोपं; थांबवणं अवघड. माझ्या काकाला मधुमेह. खडकावरच्या कालवाची शिंपली तळपायात घुसली ती जखम चार महिने मिटली नाही. "दुखत नाही ना, मग झालं," असं तो सांगत फिरायचा. मधुमेहात नसा बधिरतात, त्यामुळे ठसठस त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती. आणि अशा जखमांत आतली हाकाटी संपत नाही: टीएनएफ-अल्फासारखे दाह पेटवणारे रेणू वाढलेलेच राहतात, मॅक्रोफेज डागडुजीकडे वळत नाहीत, रेंगाळलेल्या न्यूट्रोफिलांची पाचकद्रव्यं नवं विणलेलंही कुरतडतात. पाहुणे निघायचं नाव घेत नाहीत आणि यजमानाला पत्ताच नाही.

हळदीचं म्हणाल तर, तिच्यातलं कर्क्युमिन प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये हा गोंगाट कमी करतं. माझ्या अंगठ्यावरच्या चिमटीने काय केलं ते आईच जाणे. दुसऱ्या दिवशी डॉक्टरने ती धुऊन काढली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि आईकडे न बघता पट्टी बांधली.

सातव्या दिवसापासून अंगठा खाजायला लागला. आता तिथे तिरकी पांढरी रेघ आहे. व्रण मूळ कातडीच्या फार तर ८० टक्के ताकदीपर्यंत पोचतो म्हणतात. परवा रास्त भावाच्या दुकानात यंत्रावर अंगठा ठेवला, तर तीनदा लाल दिवा. दुकानदाराने अंगठा उजेडात धरून पाहिला.

"आदोळी?"

"आदोळी."

"मग दुसरं बोट लावा," म्हणाला, आणि तांदूळ मोजायला वळला.