फुकट आहे ना, मग?

"मावशी, ऑनलाइन सगळं फुकट आहे, तरी तुमच्या शाळेतली मुलं कोर्स मधेच का सोडतात?" पुण्याचा भाचा विचारतो. तालुक्याच्या प्रशिक्षणात साहेबही हेच विचारतात. मी दर वेळी 'नेटवर्क' म्हणून सुटका करून घेते. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही.

फुकट आहे हे कबूल. सरकारच्या 'स्वयम्' पोर्टलवर नववी ते बारावीचे कोर्स आहेत. शिकायला पैसे लागत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या 'यूएन सीसी-लर्न'वर हवामानबदल शिकता येतो. अमेरिकेतल्या एमआयटीच्या ॲप इन्व्हेंटरमध्ये ठोकळे जोडत गेलं की ॲप तयार होतं. मागे एकदा मीच स्टाफरूममध्ये ऐटीत म्हटलं होतं, "इच्छा असली की जमतं सगळं." त्या बाईला आज चार शब्द सुनवावेसे वाटतात. पण तिचं ऐकूनच तर त्या तिघींनी फॉर्म भरला होता.

तिघी नववीतल्या, आमच्या आष्टी तालुक्यातल्या. कार्यक्रम परदेशी: पर्यावरणाच्या प्रश्नावर ॲप बनवा, सोबत व्हिडिओ पाठवा. पहिल्याच धड्यात सल्ला होता, शॉवर दोन मिनिटं कमी घ्या. पोरी हसून बेजार. त्यांची अंघोळ अर्ध्या बादलीत व्हायची. जलसुरक्षा विषयाच्या वहीवरून त्यांना सुचलं की कोणत्या वस्तीवर टँकर कधी आला, किती खेपा झाल्या, याची नोंद ठेवणारं ॲप करायचं. एकीचे आईवडील ऊसतोडीला सांगलीकडे होते आणि खातं वडिलांच्या नंबरवर. ओटीपी तिकडे फडात जायचा. कोयता खाली ठेवून ते एकेक आकडा फोनवर ओरडून सांगायचे.

एप्रिलमध्ये शेवटची तारीख आली, रात्री 11:59. एकीच्या भावाचा फोन, दिवसाला दीड जीबी. व्हिडिओ दोनदा अर्ध्यावर तुटला आणि सव्वाअकराला डेटा संपला. गावातलं दुकान बंद. त्यांनी मला दोनदा फोन केला. मी भावकीतल्या हळदीला होते, फोन माजघरात चार्जिंगला लावलेला. वीसेक रुपयांचं रिचार्ज मी बसल्या जागी मारलं असतं. बारा वाजता नवा दीड जीबी आला, पण तोवर तारीख उलटली होती. पोरी झोपून गेल्या.

सकाळच्या शाळेत तिघी डोळे सुजवून आल्या. दोन तास मी त्यांना समजावत होते, सहभाग महत्त्वाचा असतो वगैरे. माझी पर्स टेबलावर, पर्समध्ये फोन, फोनमध्ये भरपूर डेटा.

चार दिवसांनी नियमावली पुन्हा वाचली. 11:59च्या पुढे 'पॅसिफिक टाइम' लिहिलेलं होतं. म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ; आपल्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारचे 12:29. मी सहभागाचं महत्त्व सांगत होते तेव्हा दार उघडंच होतं.

आता म्हणा, मॅडमनी नीट वाचलं नाही. नाहीच वाचलं. पण पानंच्या पानं इंग्रजी, मला वर्गशिक्षकाचं काम, वर निवडणुकीची ड्यूटी. हे सांगताना मला माझाच आवाज सबब सांगणाऱ्या मुलासारखा ऐकू येतो. आणि तरीही ड्यूटी खरीच होती.

तिघींना मी हे सांगितलं नाही. त्यांच्या लेखी अजून तो डेटाच संपला होता. भाच्याला मी 'नेटवर्क' म्हणते ते यामुळेही.

म्हणून यंदा मुलांना पाठवायचं नाही असं ठरवलं होतं. गेल्या आठवड्यात त्यांच्यातलीच एक, आता अकरावीला, शाळेत आली. "मॅडम, फॉर्म सुटला का? धाकटीला भरायचाय." मी हो म्हणाले. कागदावर तारीख आणि पॅसिफिक वेळ लिहून दिली आणि तिच्यापुढे भारतीय वेळ.

तिनं दोन्ही वेळा वाचल्या. "हे असं असतं होय?"

मी फळा पुसायला घेतला.