लाइट गेली तर गेली!

आज बेळगावात, उद्यमबागच्या कारखान्यात सकाळपासून लाइटची नुसती ये-जा, मशीन बंद पडलं की परत रेफरन्स घ्या (म्हणजे मशीन पुन्हा सुरुवातीच्या जागेवर आणा), हातातला जॉब, म्हणजे पार्ट, अर्धवट, त्यात सुपरवायझरचा पारा चढलेला. शेजारच्या लेथवरचे मामा मात्र निवांत, सुताच्या वेस्टनं हात पुसत म्हणाले, "लाइट तुझ्या हातात हाय काय रे? चल चहा मारून येऊ." मग काय, निम्मं कन्नड निम्मं मराठी अशा गप्पा, एकाच्या डब्यातली भाकरी अन् दुसऱ्याची शेंगाचटणी, डोकं एकदम हलकं झालं बघा.

ते सकाळचे 'बी पॉझिटिव्ह'वाले मेसेज मला कधीच झेपत नाहीत, पगार लेट झाल्यावर कसलं पॉझिटिव्ह राव! पण हार्वर्डचा १९३८ पासून चालू असलेला एक अभ्यास आहे, माणसं आयुष्यभर कशानं सुखी राहतात यावर, त्यात पैसा-प्रसिद्धीपेक्षा जवळची नाती जास्त कामाला येतात असं निघालंय, ते मात्र पटतं. आमच्या मामांना हे कुणी सांगायची गरज नाही म्हणा 😄

येताना शहापुरात पाव किलो कुंदा, आपली बेळगावची दुधाची मिठाई, घेतला. बायको म्हणाली बोनस झाला काय? म्हटलं नाही गं, उगीचच.