तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा विश्वास आहे तर लिहून कशाला घ्यायचं?

हा प्रश्न मला सारखा येतो आणि विचारणारे बहुतेक वेळा मित्राबरोबर नाहीतर नातेवाइकाबरोबर धंदा सुरू करणारे असतात. आमचं इतकं चांगलं आहे, आता अ‍ॅग्रीमेंट करूया म्हटलं तर त्याला वाईट नाही का वाटणार?

लिहाच. आणि विश्वास आहे म्हणूनच लिहा, कारण ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्याशी मुळात व्यवहारच करू नये, तिथे कागद कितीही पक्का केलात तरी डोक्याला ताप आहेच.

बरीचशी भांडणं लबाडीमुळे होत नाहीत हो, दोघंही खरं बोलत असतात. समजा एक जण पैसे घालणार, दुसरा रोजचं काम बघणार आणि नफा अर्धा-अर्धा. बोलून झालं, दोघं खूश. आता हेच पांढऱ्यावर काळं करायला बसा, पहिल्याच ओळीला पेन अडतं. अर्धा म्हणजे काम बघणाऱ्याचा पगार काढून उरेल त्याचा अर्धा, की त्याला पगारच नाही? भांडवल आधी परत करायचं का? तोटा झाला तर? उद्या एकाला बाहेर पडायचं असेल तर धंद्याची किंमत कोण ठरवणार, आणि एकाला काही झालंच तर त्याच्या घरच्यांनी कुणाकडे काय मागायचं? यातलं कुणीच काही लपवलेलं नसतं, बोलताना सुचलेलंच नसतं आणि प्रत्येकाने मनात आपल्या सोयीचं उत्तर धरलेलं असतं.

तुम्ही नाही ठरवलंत तर कायदा ठरवतो. इंग्लंडचा १८९० चा भागीदारी कायदा घ्या किंवा भारताचा १९३२ चा, वेगळं काही ठरलेलं नसेल तर भांडवल कुणी कितीही घातलेलं असो, नफा-तोटा सारखा वाटायचा. हे कित्येकांना वाद झाल्यावरच कळतं. तोंडी करार बऱ्याच ठिकाणी कायद्याने चालतोही, पण नक्की काय ठरलं होतं ते सिद्ध कसं करणार?

आणि घरच्यांशी कसलं लिहायचं म्हणणाऱ्यांना मी कानेशच्या व्यापाऱ्यांबद्दल सांगते. आजच्या तुर्कस्तानातली ही जागा, तिथे सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या २०,००० हून जास्त मातीच्या पाट्या सापडल्यात, बऱ्याचशा व्यापाराच्याच. महत्त्वाचा करार असला की पाटीवर मातीचंच पाकीट चढवायचे, त्यावर तोच मजकूर परत लिहायचा आणि साक्षीदारांचे शिक्के मारायचे, म्हणजे बाहेरच्या मजकुरावरून वाद झालाच तर पाकीट फोडून आतला बघता येतो. आणि यातले कितीतरी धंदे घरातल्या घरात, बाप-मुलगा, भाऊ-भाऊ असेच चालायचे!

मोठ्या व्यवहाराला, भागीदारीला वकील लागतोच, तिथे पैसे वाचवू नका. पण छोट्या कामाला दहा ओळी पुरतात. काय काम, कधीपर्यंत, किती पैसे, कधी द्यायचे, बदल सांगितले तर त्याचे वेगळे किती, आणि मधेच थांबलं तर काय. मागायला अवघड वाटत असेल तर फोन ठेवल्या ठेवल्या मेसेज टाका, "आत्ता बोललो ते मला असं समजलंय, काही चुकत असेल तर सांगा." याचा राग कुणाला येत नाही, उलट समोरून बहुतेक वेळा एखादी दुरुस्ती येते, आणि ती काम सुरू व्हायच्या आधीच आलेली बरी.