टँकर आला का?

मोबाइल भरला म्हणून आज दुपारी धाकट्या मुलीने मला शेजारी बसवून नको असलेले व्हॉट्सॲप ग्रुप काढायला लावले. लग्नांचे दोन गेले, सहलीचा एक गेला आणि 'टँकर आला का?' या नावापाशी अंगठा अडला. "बाबा, आता कुठला टँकर? निघा ना यातून," असे ती म्हणाली. मी "बघू" म्हणालो आणि चहा मागितला. आमच्या घरात याचा अर्थ नकार असा घेतात.

हा ग्रुप लातूरच्या २०१६ च्या उन्हाळ्यातला. पाण्याच्या टाक्यांजवळ पाचांहून अधिक माणसांनी जमू नये म्हणून त्या मार्चमध्ये शहरात १४४ कलम लागले आणि त्याच सुमारास गल्लीतल्या एका पोराने तो काढला. टाकीपाशी जमायला बंदी झालेली गल्ली अशी मोबाइलमध्ये जमली. त्याच वर्षी एका ग्रुपमध्ये २५६ माणसे घेता येऊ लागली होती. आम्ही ४३ होतो आणि तेवढेच बरे होते, कारण कोणाचा पाइप आखूड आहे आणि कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, हे प्रत्येकाला ठाऊक होते. लांबलचक कोणी लिहीत नसे. "कोपऱ्यावर आहे", "काकूंचे दोन ड्रम राहिले", एवढेच. १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली, तेव्हा सगळ्या वाहिन्यांवर तीच दिसत होती. आमच्या ग्रुपवर मात्र आपला टँकर किती वाजता, हीच विचारणा होती.

टँकर बहुधा रात्री येई, आणि "आला" हा शब्द बहुधा एकाच नंबरावरून येई. एसटीतून निवृत्त झालेले ते गृहस्थ सगळ्या गल्लीचे बाप्पा होते. झोपच लागत नाही, म्हणून ओट्यावर बसतो, असे ते सांगत. त्यांच्या मोबाइलमध्ये एक, अडीच आणि चार असे तीन गजर लावलेले असत, हे पुष्कळ पुढे त्यांच्या सुनेकडून कळले. टँकर आल्याचे तर त्याच्या भोंग्यानेही कळले असते. मला त्या ग्रुपचे मोल वाटते ते त्या तीन गजरांमुळे.

१९७२ साली मी नऊ वर्षांचा होतो. औशाजवळच्या आमच्या गावात एकच आड पाझरत होता, तोही रात्रभरात दोन-तीन हात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण आम्हाला शाळेत शिकवावी लागली नाही. बाया तिन्हीसांजेला घागरी रांगेत ठेवून घरी जात. जिच्याकडे जास्तीची घागर नसे, ती नंबराला दगड ठेवी, आणि तो दगडही पहाटेपर्यंत जागचा हलत नसे. एका रात्री मी आमची घागर गुपचूप चार घागरींपुढे नेऊन ठेवली. पहाटे आईने ती पाहिली, उचलली आणि पार शेवटी नेऊन ठेवली. मला ती एका शब्दाने बोलली नाही. त्या दिवशी आमच्या घरी पाणी यायला दुपार झाली. रांगेत घुसणारा माणूस मला आजही सहन होत नाही, अगदी रेशन दुकानासमोर त्यावरून भांडणापर्यंत मजल जाते, त्याचे मूळ हे असावे.

म्हणूनच कदाचित ग्रुपवरचा एक दिवस माझ्या चांगला लक्षात राहिला आहे. एका घरून "पाहुणे आले आहेत, आधी आमच्याकडे लावा" असा निरोप आला, सगळ्यांनी तो वाचला आणि कोणीही उत्तर दिले नाही. त्या रात्री तो निरोप धाडणारे गृहस्थच सगळ्यांच्या घरी पाणी भरून होईपर्यंत पाइप धरून उभे होते.

आता त्या ग्रुपवर साखरेवरचे रामबाण काढे आणि नातवंडांचे गुण येतात, आणि सकाळी फुले तर इतकी येतात की त्यांच्यापायीच मोबाइल भरला असणार. पुण्याला राहायला गेलेली दोन घरेही अजून त्यात आहेत; त्यांना आमच्या गल्लीच्या नळाची काय पडली आहे, कोण जाणे.

यादी खाली सरकवताना मुलगी थांबली आणि फोटो नसलेला हा नंबर कोणाचा, असे तिने विचारले. बाप्पांचा, असे मी सांगितले. त्यांना जाऊन दोन वर्षे झाली. ती काही बोलली नाही. एकेक करून तिने सगळी फुले पुसली आणि मोबाइल माझ्या हातात दिला.