आमची वाटचाल : ग्वाल्हेरच्या लश्कर भागातलं आमचं कुरकुरीत गोडाचं दुकान

आमच्या प्रत्येक पाकिटाच्या मागे तो पदार्थ घरी कसा करायचा ते छापलेलं असतं, अगदी प्रमाणासकट. शंकरपाळ्यांच्या पाकिटावर शंकरपाळ्यांची कृती, चिक्कीच्या पाकिटावर चिक्कीची. नवीन गिऱ्हाईक ते वाचतं आणि हमखास विचारतं, अहो मग तुमच्याकडून घेणार कोण? हा प्रश्न इतक्यांदा आलाय की म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच टाकावं, सुरुवात कशी झाली, काय काय करतो आणि कृती लपवत का नाही.

आम्ही ग्वाल्हेरचे, लश्कर भागातले. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी इथे छावणी टाकली तेव्हापासून या भागात मराठी घरं आहेत, त्यातलंच आमचंही एक. घरात मराठी, बाड्यावर, म्हणजे इथल्या मुख्य बाजारचौकात, गेलं की हिंदी, आणि खाण्यापिण्यात दोन्ही, म्हणजे दिवाळीला चिरोटे, अनारसे आणि थंडी पडली की गजक, म्हणजे तीळ-गुळाची पदर सुटलेली कुरकुरीत मिठाई. सासूबाई ओळखीच्यांना दिवाळीचा फराळ करून द्यायच्या, त्याला धंदा असं कुणी म्हणत नव्हतं. मी लग्न होऊन आले आणि त्यांच्या हाताखाली शिकले. त्या मोजमाप कधी सांगायच्या नाहीत, "पीठ मागेल तेवढं तूप" असं म्हणायच्या, मी मात्र शेजारी वही घेऊन बसायचे आणि त्यांनी हातात घेतलेलं सगळं आधी वाटीने मोजून लिहायचे. आज पाकिटांवर जे छापलंय ते बहुतेक त्या वहीतलंच आहे.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये खरी सुरुवात झाली. दुकानं बंद, सगळे घरात, आणि दुपारचे चार वाजले की कॉलनीतून फोन, काकू काहीतरी आहे का हो खायला, गोड पण कुरकुरीत? लाडू का म्हटलं की नको. बर्फी पण नको. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मऊ गोडाची भूक वेगळी आणि ही वेगळी. आमच्या गावात मऊ गोडाला काही कमी नाही, नया बाजारातले बुंदीचे लाडू नि गुलाबजाम खायला लोक लांबून येतात. पण चहाच्या वेळी किंवा रात्री जेवणानंतर दाताखाली काहीतरी मोडावं, कट्‌ असा आवाज यावा आणि मग तोंड गोड व्हावं, असं जे वाटतं ना ते लाडवाने भागत नाही. आम्ही ठरवलं की आपण एवढंच करायचं, गोड आणि कुरकुरीत. बाकी काही नाही, मागितलं तरी नाही.

सगळ्यात आधी शंकरपाळे. 1 वाटी दूध, 1 वाटी तूप, 1 वाटी साखर, एकत्र गरम करायचं, साखर विरघळली की उतरवायचं आणि कोमट झाल्यावर मावेल तेवढा मैदा आणि चिमूटभर मीठ. पीठ घट्ट हवं पण फार मळायचं नाही, कारण तुपाने मैदा खुसखुशीत होतो आणि जास्त मळलं की तोच मैदा चिवट होतो. आणि घाई नको तळताना. तेल कडकडीत असलं की वरून लाल होतात आणि आत कच्चे राहतात, दुसऱ्या दिवशी नरम. मंद आचेवर, फिकट बदामी रंगावर काढायचे, गार होताना रंग अजून थोडा चढतो. इथल्या हिंदी भाषिक गिऱ्हाइकांना शक्करपारे माहीत आहेत, पण ते तळून वरून साखरेच्या पाकात घोळवलेले, त्यामुळे सुरुवातीला "भाभी, इस पर चाशनी नहीं चढ़ाई?" असं विचारायचे. आता तेच लोक पाक नसलेले मागतात, कारण हाताला चिकटत नाहीत आणि मुलांच्या डब्यात देता येतात.

मग चिक्की. चिक्कीबद्दल मी तासभर बोलू शकते. शेंगदाणे आमच्याकडे शिवपुरी-करेराकडचे येतात, तिकडे भुईमूग भरपूर, दाणा ताजा मिळतो. दाणे मंद आचेवर भाजून, सोलून, पाखडून घ्यायचे. 1 वाटी दाण्यांना पाऊण वाटी चिरलेला गूळ आणि 1 चमचा तूप. गूळ वितळला, फेस आला, रंग गडद व्हायला लागला की थेंबभर पाक गार पाण्यात टाकून बघायचा. बोटाने दाबला आणि वाकला तर अजून थांबा. पाण्यातून काढून मोडल्यावर काचेसारखा कट्‌कन तुटला की लगेच गॅस बंद, दाणे आत, ढवळून तूप लावलेल्या ताटावर ओतायचं, लाटण्याने पातळ करायचं आणि गरम असतानाच सुरीने रेघा मारायच्या. यामागे शास्त्र आहे ते पण सांगते. पाक उकळत गेला की त्यातलं पाणी उडत जातं. 115-118 अंश सेल्सिअसला गोळीबंद होतो, त्याचं मऊच होणार, आणि 150 च्या आसपास गेला की पाणी जेमतेम एखादा टक्का उरतं आणि तेव्हाच तो कडक होतो. चिवट चिक्की म्हणजे पाण्याचा अंश राहून गेलेली चिक्की, दुसरं काही नाही. आम्ही थर्मामीटर घेतलाय, पण पाण्यातली परीक्षा अजून सोडलेली नाही, कारण गूळ दर वेळी सारखा नसतो.

गुळावरून आठवलं. इथल्या बाजारात जास्त करून उत्तर प्रदेशातला गूळ येतो, लाडवाला छान आहे, चहाला छान आहे, पण चिक्कीला मला तो हवा तसा लागत नाही. आम्ही चिक्कीचा गूळ महाराष्ट्रातून मागवतो, भाडं पडतं, महाग जातो, पण त्यात तडजोड करायची नाही असं पहिल्यापासून ठरलंय.

पावसाळा हा आमचा कठीण काळ. ग्वाल्हेरचा उन्हाळा कोरडा, लू म्हणजे गरम वारे चालतात, 45 च्या वर पारा जातो, पण कुरकुरीत पदार्थाला त्याचा त्रास नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र हवेतला ओलावा साखर ओढून घेते आणि गूळ तर त्याहून जास्त, म्हणून गुळाची चिक्की साखरेच्या चिक्कीआधी चिकट होते. त्या दोन महिन्यांत आम्ही गुळाची चिक्की बंदच ठेवतो. गिऱ्हाईक नाराज होतं पण नरम चिक्की विकण्यापेक्षा ते बरं. उरलेल्या वर्षात एकच नियम, पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायचं नाही, कोमट भरलं की आतच वाफ धरते आणि सगळी मेहनत वाया.

आमच्या इथल्या मेळ्याबद्दल सांगितल्याशिवाय ही गोष्ट पूर्ण होणार नाही. ग्वाल्हेरचा मेळा माधवराव शिंद्यांनी 1905 मध्ये सुरू केला, दर हिवाळ्यात भरतो, गाड्यांपासून लोणच्यापर्यंत सगळं मिळतं. आम्ही तिथे एका कोपऱ्यात छोटा स्टॉल घेतो. आणि थंडीत इथे स्पर्धा कुणाशी, तर गजकशी. मुरैना इथून तासाभरावर, तिथल्या गजकला 2023 मध्ये जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला. ती बनताना बघाल तर बघतच राहाल, गुळाचा शिजवलेला पाक खुंटीला अडकवून कारीगर ओढत राहतात, ओढून ओढून त्यात हवा जाते आणि रंग उजळत जातो, मग भाजलेले तीळ मिसळून लाकडी हातोड्यांनी कुटतात तेव्हा ते पदर सुटतात. लोक म्हणाले तुम्ही पण गजक करा, हिवाळाभर खपेल. आम्ही नाही केली. ती त्या कारीगरांची विद्या आहे, दोन हात आणि अर्धं आयुष्य लागतं तिला, आणि घरच्या गॅसवर ती होत नाही. आमचं तर तत्त्वच असं आहे की जे घरी करता येतं तेच विकायचं.

त्याऐवजी थंडीत आम्ही हलवा करतो, संक्रांतीचा काटेरी हलवा, आणि हे काम मला सगळ्यात आवडतं. तीळ परातीत घेऊन अगदी मंद शेगडीवर ठेवायचे, एकतारी पाक चमच्याने थोडा थोडा टाकायचा आणि बोटांनी हलवत राहायचं, वाळला की परत पाक, असं कित्येक तास. काटा फुटायला हवा गार लागते, आणि जानेवारीत पहाटे आमच्याकडे तशी हवा असतेच. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीचे आणि बाळाच्या बोरन्हाणाचे हलव्याचे दागिने इथे करून मिळत नव्हते, पुण्याहून किंवा इंदूरहून मागवावे लागायचे, आता शहराच्या मुरार, थाटीपूर भागांतली मराठी घरंही आमच्याकडे ऑर्डर देतात. मुकुट, हार, बाजूबंद, वाकी. शेजारच्या दोघी वहिनी दागिने गुंफतात, सासूबाई नुसतं बसून काटा तपासतात आणि नापास झालेला हलवा परत परातीत जातो.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते कारण खूपजणी विचारतात. घरून खाद्यपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयचं, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं, रजिस्ट्रेशन लागतं, आम्ही घेतलं तेव्हा वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्यांना फी वर्षाची 100 रुपये होती, अर्ज ऑनलाइन. 14 आकडी नंबर मिळतो तो पाकिटावर छापायचा. घाबरण्यासारखं काही नाही, आधी तेच करून घ्या.

आता तो प्रश्न, कृती का छापता. झालं असं की कृती वाचून लोक खरंच घरी करायला लागले आणि मग त्यांचे फोन यायला लागले, काकू माझे दाणे कडू लागतात, काकू इथे चिक्कीचा गूळ मिळतच नाही, तीळ भाजताना उडतात. त्यातून आम्ही सामान विकायला सुरुवात केली, भाजून सोललेले दाणे, निवडलेले तीळ, चिक्कीच्या गुळाच्या अर्ध्या किलोच्या ढेपी. आज सामानाची विक्री तयार मालाच्या जवळपास आली आहे. आणि ज्या घरात एकदा चिरोटे लाटून, तूप-पिठाचा साठा लावून, पदर सुटेपर्यंत तळून झालेत ना, त्या घरातून आमच्या चिरोट्यांच्या भावावर कधीच घासाघीस होत नाही, किती हात लागतात ते त्यांना माहीत असतं. लग्नाचं रुखवत, डोहाळजेवण, दिवाळी, मोठ्या ऑर्डरी त्यांच्याच.

काही कृती तर आम्ही विकत नसलेल्या पदार्थांच्याही दुकानाच्या फळ्यावर लिहितो. सध्या दोन आहेत. एक, मखाणे चमचाभर तुपात मंद आचेवर 8-10 मिनिटं परतायचे, बोटात दाबल्यावर चुरा झाला की काढायचे, मग वर सांगितला तसा गुळाचा कडक पाक, त्यात मखाणे, थोडे तीळ, चिमूटभर मीठ, आणि ताटावर पसरून लगेच सुटे करायचे. दुसरी शिळ्या पोळीची, पोळीच्या पट्ट्या कापून तव्यावर तूप सोडून कडक होईपर्यंत भाजायच्या आणि गरम असतानाच पिठीसाखर नि वेलचीपूड भुरभुरायची. रात्री दहा वाजता गोड खावंसं वाटलं आणि घरात काहीच नसलं तर ही करून बघाच, माझा मुलगा हॉस्टेलवर हीच करतो.

दिवाळीच्या ऑर्डरी नवरात्र बसलं की घ्यायला सुरुवात करतो, हलव्याच्या दागिन्यांसाठी मात्र डिसेंबरच्या मध्यापर्यंत कळवा, नंतर हात पुरत नाहीत. कृतीबद्दल काही विचारायचं असेल तर दुपारी तीननंतर फोन करा, सकाळी पाक गॅसवर असतो तेव्हा आमच्याकडे कुणीच फोन उचलत नाही.