तुम्ही विचारलंत म्हणून : सीटचा रंग कपड्यांना लागत नाही?

गाडीच्या लेदर सीट घरीच रंगवल्या आहेत असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "मग पांढरे कपडे घालून बसलं तर?" विचारता विचारताच हात सीटवर जातो, कडेवर बोट घासलं जातं आणि ते उजेडात धरून बघितलं जातं. बोट स्वच्छ असतं, तरी चेहऱ्यावरची शंका जात नाही. बुटाचं पॉलिश मोज्यांना लागतं हे प्रत्येकाने अनुभवलेलं असतं, त्यामुळे चामड्याचा रंग म्हणजे उतरणारा रंग हे डोक्यात पक्कं बसलेलं आहे.

तर उत्तर : लागत नाही. नीट केलं असेल तर घामानेही नाही आणि ओल्या फडक्यानेही नाही. नीट म्हणजे काय, तेवढं सांगते.

गाडीतल्या बहुतेक लेदर सीटवर आपण खरं तर चामड्यावर बसतच नाही, बसतो ते रंगाच्या लेपावर. कमावलेल्या चामड्यावर कारखान्यातच रंगीत पॉलियुरेथेनचे (एक लवचीक प्लास्टिक) पातळ थर दिलेले असतात आणि सगळ्यात वर एक रंगहीन थर. चामडं मिलिमीटर-सव्वा मिलिमीटर जाडीचं, लेप त्याच्या मानाने अगदीच पापुद्रा. युरोपीय मानकात तर मर्यादाच घातलेली आहे : लेप ०.१५ मिलिमीटरहून जाड असेल तर त्याला नुसतं लेदर म्हणता येत नाही, लेप दिलेलं लेदर म्हणावं लागतं. सीटचा रंग उडाला असं आपण म्हणतो तेव्हा झिजलेला असतो तो हा लेप, आणि घरी करायचं काम म्हणजे त्याच जातीचा लेप पुन्हा चढवणं. चामड्यात मुरणारे स्पिरिटवाले रंग वेगळे. ते पट्ट्यांच्या, पिशव्यांच्या कोऱ्या चामड्यासाठी ठीक. लेप असलेल्या सीटवर त्यांना मुरायला जागाच मिळत नाही, ते वरच बसून राहतात आणि हो, तेच कपड्यांना लागतात. दोन्ही प्रकारच्या बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत ‘लेदर कलर’च लिहिलेलं असतं. म्हणून मागची बारीक अक्षरं वाचा : पाण्यात मिसळणारा, पिगमेंटचा (म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांचा) आणि सीटसाठीचा हवा.

तुमच्या सीटवर लेप आहे की नाही, हे बघायला पाण्याचा एक थेंब पुरतो. न झिजलेल्या, नजरेआडच्या जागी थेंब ठेवा. तो तसाच मण्यासारखा राहिला तर लेप आहे. थेंब आत शिरून तिथे गडद डाग पडला तर लेप नसलेलं, अ‍ॅनिलीन जातीचं चामडं आहे, आणि पुढचं काहीही त्याला लागू नाही. ते जाणकाराकडेच न्या. आणखी एक गंमत लक्षात येईल. ‘लेदर सीट’ म्हणून मिरवणाऱ्या कितीतरी सीटांमध्ये चामडं फक्त अंग टेकतं तिथे असतं. बाजू, पाठीमागचा भाग, हेडरेस्टची मागची बाजू हे सगळं रेक्झिन. काळजीचं कारण नाही, सीटसाठीचे हे रंग बहुधा त्यावरही धरतात. पण काही वर्षांनी एकाच सीटचे दोन भाग दोन रंगांचे का दिसतात, त्याचं एक कारण हे.

आता मुख्य काम. ते रंगाचं नसून सफाईचं आहे, आणि लोक नेमके इथेच कंटाळतात. तेलकट नखावर नेलपॉलिश लावलं की दुसऱ्या दिवशी त्याचा अख्खा पापुद्रा निघतो, इथेही तेच. चालकाच्या सीटची दाराकडची कड जवळून बघा. गाडीत शिरताना-उतरताना प्रत्येक वेळी मांडी तिथूनच घासत जाते. वरवर ती चकचकीत दिसते, आणि चांगल्या लेदरला चमक असते अशी समजूत असल्यामुळे तिकडे कुणी लक्ष देत नाही. ती चमक म्हणजे घाम, अंगाचं तेल आणि जीन्सची निळाई यांचं पुट आहे. कारखान्यातून सीट बाहेर पडते तेव्हा बहुधा मंदच असते.

लेदरसाठीचा क्लीनर, मऊ ब्रश आणि फडकं. कपडे धुण्याचा साबण नको; तो अल्कलीचा असतो आणि चामडं स्वभावाने किंचित आम्लधर्मी. क्लीनर सीटवर न ओतता ब्रशवर घ्या, फेस करा, गोल गोल घासा आणि फेस वाळायच्या आत पुसून काढा. फडकं काळं निघेल. पुन्हा करा. फडकं पांढरं निघेपर्यंत करत राहायचं. अनेकदा इथेच असं दिसतं की रंग उडालेलाच नव्हता, मळाखाली होता. तसं असेल तर तुमचं काम संपलं. रंगाची बाटली परत करा, मला वाईट वाटणार नाही.

मळाहून वाईट शत्रू म्हणजे सिलिकॉन. सीट-डॅशबोर्ड चमकवणाऱ्या फवाऱ्यांपैकी बऱ्याच फवाऱ्यांत ते असतं. डोळ्यांना दिसत नाही, साबणाने सहजी जात नाही, आणि त्यावर रंग लावला की रंग मागे सरकून बारीक बारीक खळगे पडतात. त्यासाठी सफाईनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा रंगासोबत मिळणाऱ्या द्रवाने पुसायचं. फडकं ओलसर हवं, निथळतं नको, कारण अल्कोहोल जुना लेपही मऊ करतं. मग बारीक पॉलिश पेपरने, साधारण ८०० ते १००० नंबरच्या, हलक्या हाताने घासा. लेप काढायचा नाही, फक्त त्याची गुळगुळीत चमक मोडायची, म्हणजे नव्या थराला पकड मिळते. झिजलेल्या जागी चामड्याचे तंतू उभे राहून खरखरीत लागतात. तेही याच वेळी बसतात. धूळ पुसून घ्या.

भेगा असतील तर लेदरची लवचीक लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची. भिंतीची किंवा लाकडाची लांबी इथे चालत नाही, पहिल्यांदा कुणी बसलं की तडकते. एकदम जाड भरायचा मोह आवरा. पातळ थर, वाळू द्या, घासा, पुन्हा पातळ थर. भरलेली जागा बोटाला जाणवेनाशी झाली की पुरे. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका.

इथे एक गोष्ट निक्षून सांगते. अनेक गाड्यांत सीटच्या बाहेरच्या कडेत एअरबॅग असते आणि ती बाहेर पडताना तिथली शिवण फाटावी अशीच शिवलेली असते. ती शिवण लांबीने किंवा गोंदाने बुजवायची नाही, त्यावर रंगाचे जाड थरही चढवायचे नाहीत. शिवण उसवलेली असेल तर ती घरी शिवायची नाही. आणि सीट खाली उतरवून काम करायची हौस असेल तर सीटखालचे पिवळे कनेक्टर दिसले की थांबा. ते एअरबॅगचे असतात. सीट गाडीतच ठेवून, आजूबाजूला मास्किंग टेप आणि कागद लावून काम उत्तम होतं.

रंग जुळवणं हा मला सगळ्यात आवडणारा भाग. मूळ रंग कुठला, हे बसायच्या जागेवर कळत नाही. हेडरेस्ट वर खेचा. तिच्या बुडाशी किंवा दोन गाद्यांच्या फटीत ऊन-मळ न लागलेला पट्टा सापडतो. तो पुसून घ्या आणि त्याच्याशी जुळवा. काळी सीट सोपी. फिका खाकी-बदामी रंग मात्र घाम फोडतो : तो बहुतेक पांढरा असतो, त्यात पिवळी माती, किंचित लाल आणि नखभर काळा. काळा बाटलीतून थेट ओतायचा नाही; काडीच्या टोकाने घ्यायचा, कारण एक थेंब जास्त पडला तर तो परत फिरवायला वाटीभर पांढरा लागतो. ओल्या रंगावर निर्णय घेऊ नका. पाण्यातले हे रंग ओले असताना दुधाळ दिसतात आणि वाळले की गडद होतात. लपलेल्या पट्ट्यावर ठिपका लावा, हेअर ड्रायरने वाळवा, मग बघा, आणि दिवसाच्या उजेडात बघा. ट्यूबच्या प्रकाशात तंतोतंत जुळलेला रंग उन्हात हिरवट निघू शकतो.

लावायला स्पंज. पहिला हात रंग दाबून, भेगा-सुरकुत्यांत बसवत. तो बघून घाबरू नका, ठिकठिकाणी विरळ दिसणारच. एका हातात झाकायचा प्रयत्न केला की ओघळ येतात आणि चामड्यावरची बारीक नक्षी बुजून सीट प्लास्टिकसारखी दिसते. पुढचे हात टिपत टिपत, जितके पातळ तितके चांगले. स्प्रे गन किंवा एअरब्रश असेल तर शेवटचे हात त्याने द्या, स्पंजचा माग राहत नाही. भोकं पाडलेलं लेदर असेल तर स्पंज जवळजवळ कोरडा हवा. प्रत्येक हातानंतर ड्रायर. वाळलं की नाही ते मनगटाच्या आतल्या बाजूने बघावं : गार लागलं तर आत अजून पाणी आहे. तसंच पुढचा हात मारला तर ते पाणी खाली अडकतं आणि पुढे पोपडे धरतात.

इथे रंग दिसायला पूर्ण होतो, आणि नेमकं याच अवस्थेत बसलात तर तुमची शंका खरी ठरेल. ओल्या पांढऱ्या फडक्याने आत्ता घासलं तर रंग उतरू शकतो. कपड्यांपासून वाचवतो तो शेवटचा रंगहीन थर, म्हणजे सील. त्यात क्रॉसलिंकर नावाचा द्रव थोडासा मिसळतात. पाणी उडाल्यावर पॉलियुरेथेनचे कण एकमेकांत मिसळून पापुद्रा तयार होतो, पण त्याच्या साखळ्या सुट्याच असतात. क्रॉसलिंकर त्यांना एकमेकींशी बांधतो, मग पाण्याने, घामाने, घासण्याने तो पापुद्रा सुटत नाही. हा द्रव त्वचेला आणि श्वासाला घातक आहे. हातमोजे घाला, दारं उघडी ठेवा, फवारणार असाल तर बाष्प अडवणारा मास्क लावा, नुसता धुळीचा नव्हे. प्रमाण बाटलीवर असेल तेवढंच, आणि मिसळलेला सील त्याच दिवशी संपवायचा. चमकीचा प्रश्न आला तर मॅट घ्या. ग्लॉस लावलेली सीट ओली दिसते.

कारखान्यांतही याच शंकेची चाचणी असते, आयएसओ ११६४० या मानकाने : लोकरीचा फेल्ट चामड्यावर मागे-पुढे घासतात, कधी कोरडा, कधी ओला, कधी कृत्रिम घामात भिजवून. त्यावर किती रंग आला याला १ ते ५ गुण. ५ म्हणजे डाग नाही. घरी पांढरं सुती फडकं ओलं करून दाराकडच्या कडेवर जोर लावून घासा. मात्र सील पूर्ण घट्ट व्हायला बरेच दिवस लागतात, तोवर ही परीक्षाही नको आणि क्लीनरही. हलकं बसलं तर चालतं.

"मग आता तेल-क्रीम काय लावायचं?" हा दुसरा प्रश्न. काहीच नाही. वर अखंड लेप असताना क्रीम आत जाणार कुठून? ते वर राहतं, मळ धरतं आणि जीन्सचा निळा रंग ओढून घेतं. ओलसर फडकं आणि मधूनमधून क्लीनर एवढंच पुरे. त्या दाराकडच्या कडेवर मात्र लेप पुन्हा सगळ्यात आधी झिजेल. म्हणून उरलेला रंग क्रॉसलिंकर न घालता घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा, काठोकाठ भरेल इतक्या लहान बाटलीत, आणि वर गाडीचं नाव लिहा.